कुंपणानेच खाल्लेलं शेत

१९६४ साली येझी हॉफमन आणि एडवर्ड स्कुझेव्स्की या पोलिश जोडीने एक कृष्णधवल चित्रपट केला. नावाचा अर्थ 'कायदा आणि मूठ'. युझेफ हेन यांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. काळ १९४५चा. जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख पोलंडच्या ताब्यात आला होता. तिथले जर्मन काही पळाले, काही हाकलले गेले आणि नवी वस्ती यायला अवकाश होता. भरल्या घरांना धनीच उरला नव्हता. असा बेवारस माल उचलण्याला पोलिश भाषेत 'शाबेर' हा खास शब्दच रूढ झाला. अशा बेवारस मुलखात घडणाऱ्या या चित्रपटाला 'पोलिश वेस्टर्न' म्हणतात, पण मला ती ओळख तोकडी वाटते. वेस्टर्नमध्ये कायदा अजून यायचा असतो. इथे तो आलेला आहे, आणि लुटारूंच्याच खिशात आहे. ओस गावातल्या मालमत्तेची राखण करायला सरकारनेच एक तुकडी धाडली आहे. तिचा म्होरक्या मिएलेत्स्की स्वतःला डॉक्टर म्हणवतो. छळछावणीतून वाचलेला केनिग त्याच तुकडीत आहे. गावच्या हॉटेलात चार बायका भेटतात, जेवणं होतात, दारू चढते आणि केनिगला उमगतं, की हे राखणदार माल ट्रकांत भरून पसार होणार आहेत. रानातल्या दरोडेखोराला निदान ओळखता येतं; नेमणुकीवर आलेल्याला कसं ओळखणार?

कुणी म्हणेल, हा साम्यवादी राजवटीतला चित्रपट. सोव्हिएत फौजेने त्याच मुलखातून कारखान्यांची यंत्रं उचलून नेली, त्याबद्दल तो गप्प आहे. आक्षेप खरा आहे, आणि ती उणीव मोठी आहे. पण त्याच राजवटीत, सरकारी कामगिरीवरची माणसंच चोर निघाली, हे पडद्यावर मांडणं सोपं नव्हतं. दुसरा आक्षेप असा, की शेवटी निकाल मुठीनेच लागतो, म्हणजे बळी तो कान पिळी. पण केनिगची भूमिका गुस्ताव होलोउबेक यांना दिली, यातच मला उत्तर दिसतं. रंगभूमीवरचा हा मोठा नट अंगापिंडाने लढवय्या वाटतच नाही. त्याचे डोळे थकलेले आहेत. बंदूक त्याच्या हातात परक्याच्या वस्तूसारखी दिसते. मोकळ्या रस्त्यावर तो एकटा गोळ्या झाडतो तेव्हा त्यात मर्दुमकीचा आनंद कुठेच नाही. चित्रपट मिळाला तर जरूर पाहा, आणि त्या गोळीबारात नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवा.