प्राध्यापकाची कायम नेमणूक आणि तिची पूर्वतयारी
(जोगेश्वरी येथे आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाचा समारंभ आटोपल्यावर चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी मला आज्ञा केली. विषय मात्र माझ्यावर सोडला. बक्षिसे घेण्यास आलेल्यांत एम. ए., एम. एस्सी. झालेली मुलेमुली होती. पुढे काय करणार, असे विचारता त्यांतील कित्येकांनी "प्राध्यापक होणार" असे सांगितले, तेव्हा विषय आपोआपच ठरला. येथून जवळच टेकडीवर इस्माइल युसुफ महाविद्यालय १९३० सालापासून उभे आहे. पदवी कशी मिळवावी, हे आपल्या घरांस आता शिकवावे लागत नाही. नोकरी कायम कशी होते हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते, आणि त्या अज्ञानाची किंमत उमेदीच्या वर्षांनी चुकवावी लागते.

आपल्यांपैकी काहींची मुले अमेरिकेत आहेत. तेथे कायम होण्यास 'टेन्युअर' म्हणतात. तेथील प्राध्यापक संघटनेने १९४० साली जी तत्त्वे मांडली, त्यांनुसार उमेदवारीचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा. त्या अवधीत केलेले अध्यापन, संशोधन व संस्थेची सेवा यांचा एक ग्रंथच जणू सादर करावा लागतो, आणि बाहेरील विद्वानांचे अभिप्राय मागविले जातात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे रीतसर निवड झालेल्याचा परिवीक्षाकाळ एक वर्षाचा असतो, आणि तो फार तर आणखी एक वर्ष वाढविता येतो. म्हणजे तेथे आत गेल्यावर कसोटी लागते, येथे ती दारातच लागते. आणि दाराबाहेर तासिका तत्त्वावर किती वर्षे जातील, याचा नेम नाही.

माझीच हकीगत सांगतो. एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मी चार वर्षे तासांवर शिकवीत होतो. दर जूनमध्ये बोलावणे येई, एप्रिलमध्ये निरोप मिळे. जाहिरात निघाली होती काय, निवड समिती बसली होती काय, विद्यापीठाची मान्यता आली होती काय, हे मी कधी विचारले नाही. विचारणे उद्धटपणाचे वाटे. पुढे दुसरीकडे कायम झालो आणि स्थाननिश्चितीचा अर्ज केला, तेव्हा हेच तीन कागद मागण्यात आले. मजपाशी होता तो दोन ओळींचा दाखला: "यांनी येथे अध्यापन केले, वर्तन चांगले." चारही वर्षे हिशेबातून गळाली. घरी आल्यावर मंडळींनी विचारले, "मग ती चार वर्षे तुम्ही करीत तरी काय होता?" मला उत्तर सुचले नाही. आजच्या नियमाने पीएच. डी. असलेल्यास पहिल्या पदोन्नतीस चारच वर्षे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ते नुकसान केवढे, हे कळेल.

पूर्वीची हंगामी सेवा पदोन्नतीसाठी धरावयाची, तर अर्हता कमी नसावी, नेमणूक रीतसर निवड समितीने केलेली असावी, आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे, अशा अटी त्या नियमावलीत आहेत. तासांवर मानधन घेणारा शेवटच्या अटीतच अडकतो. म्हणून काम पत्करू नये असे मी म्हणत नाही; घर चालवावे लागते. परंतु काय पत्करीत आहोत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, व नेमणूकपत्र लेखी मागावे. ती वर्षे सर्वस्वी वायाही जात नाहीत. मुलाखतीस बोलावण्यासाठी जी गुणतालिका आहे, तीत अध्यापनाच्या अनुभवास वर्षाला दोन याप्रमाणे दहापर्यंत गुण आहेत. त्यासाठी दाखल्यावर रुजू झाल्याची व मुक्त झाल्याची तारीख, विषय आणि तासांची संख्या असली पाहिजे.

ह्या तालिकेविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तरुण मंडळी नेमकी येथेच फसतात. महाविद्यालयांसाठीच्या तालिकेत पीएच. डी.स २५ गुण आहेत. नेट परीक्षेस ८, कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह १०, आणि सेटला ५. शोधनिबंधास प्रत्येकी दोन, परंतु एकूण सहाच! म्हणजे तीन चांगले निबंध पुरे; चौथ्याला ह्या तालिकेत जागा नाही. असे असता पैसे भरून दहादहा निबंध छापून घेणारे उमेदवार मी पाहिले आहेत. अशा नियतकालिकांस आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ साली मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली. ती २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा पारख करण्याची जबाबदारी आता अधिकच आपल्यावर आली आहे. निवड समितीतील तज्ज्ञ निबंधाचे नाव वाचून एक साधा प्रश्न विचारतो, आणि विकतच्या निबंधाचा लेखक तेथेच थांबतो. २०१८ च्या नियमावलीत तर हे गुण केवळ बोलावण्यापुरते, आणि निवड मुलाखतीवर, असे स्पष्ट म्हटले होते. नियम बदलत असतात. ज्या जाहिरातीस अर्ज करावयाचा, तिच्यातील अटी अक्षरशः वाचाव्यात. सरकारी महाविद्यालयांच्या जागा लोकसेवा आयोगाकडून भरल्या जातात, खाजगी संस्थांच्या त्यांच्या जाहिरातीतून. दोन्हींकडे लक्ष असू द्यावे. राखीव जागेसाठी अर्ज करणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची खटपट जाहिरात येण्याची वाट न पाहता करावी.

कायम झाल्यावरही कागद जपणे सुटत नाही. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक घेतले तर काम 'चांगले' ठरते, ७० च्या खाली गेले तर असमाधानकारक. यास्तव प्राचार्यांच्या सहीचे वेळापत्रक दर वर्षी जपून ठेवावे. उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग यांची प्रमाणपत्रेही त्याच फाइलीत लावावीत. संयुक्त निबंध दोघांचा असेल तर प्रत्येकास ७० टक्के गुण मिळतात. मैत्रीखातर पाचव्या-सहाव्या नावाची भर घालण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

पालकांस एक विनंती. "कायम झाला का?" हा प्रश्न मुलास दर सणाला विचारू नका. सुनेच्या बाबतीत तर बाळंतपणात संशोधन थांबले की "आता पुरे" असे घरातूनच म्हटले जाते. पीएच. डी.च्या २५ गुणांचा हिशेब तिच्या सासूबाईंस कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे. आज त्या येथे बसल्या असतील, म्हणून मी तो सांगितला.

पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत मी व आणखी दोन निवृत्त प्राध्यापक बसणार आहोत. ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी मूळ कागद घेऊन यावे. जुन्या नोकरीचा दाखला अद्याप घेतला नसेल, तर आमच्याकडे येण्यापूर्वी तेथील प्राचार्यांकडे जावे. विशेषतः ते येत्या मे महिन्यात निवृत्त होणार असतील तर.