उच्चार शिकवणारा नट

सिनेमा म्हटला की राजबिंडा नायक आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अ‍ॅलिस्टर सिम तसे मुळीच नव्हते. डोक्याला टक्कल, डोळे मोठाले नि ओघळलेले. चेहरा पाहून हसावे की भ्यावे, ते कळू नये. पण हे चरित्रनट पडद्यावर आले, की शेजारच्या नायकाकडे कोण बघतो!

त्यांचा जन्म १९०० सालचा, एडिंबरोचा. वडील शिंपी. १९२५ ते १९३० पर्यंत तिथल्याच न्यू कॉलेजात, पुढे पाद्री होणाऱ्या विद्यार्थ्यांना ते शब्दोच्चार शिकवीत. शब्द कुठे तोडावा, कुठे रेंगाळावे, श्वास कुठे घ्यावा, हे सारे. ती नोकरी सोडून ते लंडनला नाटकात शिरले, तेव्हा तिशीला टेकले होते. १९३० साली सॅव्हॉय थिएटरात 'ऑथेल्लो' लागले. ऑथेल्लो झाले पॉल रॉबसन, आणि सिम यांच्या वाट्याला आले निरोप्याचे काम! म्हणजे यायचे, चार वाक्ये बोलायची नि निघायचे.

पुढे नाटके आली, बोलपट आले. १९५० साली जेम्स ब्रायडी यांच्या 'मिस्टर गिली' नाटकात ते खेड्यातले शाळामास्तर झाले. १९५४ च्या एका बोलपटात तर चक्क मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका!

पण लोकांच्या मनात राहिला तो १९५१ चा 'स्क्रूज'. डिकन्सच्या गोष्टीतला हा कवडीचुंबक म्हातारा नाताळच्या सकाळी जागा होतो आणि आपण अजून जिवंत आहोत या आनंदाने पोरासारखा नाचतो. मोलकरीण किंचाळत पळते. तो तिला गाठतो, हातावर गिनी ठेवतो, पगार वाढवतो. दुसरा नट असता तर हा सारा चाळा वाटला असता. सिम यांचे हसू मात्र इतक्या वर्षांचे कुलूप मोडून बाहेर आल्यासारखे येते.

त्यांना 'सर' किताब देऊ केला होता. तो त्यांनी नाकारला. सह्याही देत नसत. १९७६ साली ते वारले.

मास्तरकी मात्र सुटली नाही. १९४० साली, लंडनवर बाँब पडत असताना, नाटकात बरोबर काम करणाऱ्या जॉर्ज कोल या पंधरा वर्षांच्या पोराला सिम पतिपत्नींनी आपल्या घरी आणले. त्याची लंडनी बोली सिम यांनी घासूनपुसून नीट केली. 'स्क्रूज' पाहाल तेव्हा म्हाताऱ्याच्या तरुणपणीचे काम कोण करतो ते बघा. तोच हा जॉर्ज कोल.