काडतुसाची महागाई आणि आमची सरकी



महागाईवर व्याख्यान म्हटले की गहू, तेल आणि मुलांची फी हे विषय ठरलेले. आज आम्ही मात्र अशा मालाच्या टंचाईविषयी बोलणार आहोत, जो या सभेतील शंभरांत एकाच्याही घरी नसेल. तो माल म्हणजे बंदुकीचे काडतूस आणि ते भरण्याचे साहित्य. कामगार चळवळीतल्या माणसाला हे कोठून सुचले, असे आपणांस वाटेल. टंचाई कशी जन्मते, कोणाला पोसते आणि कोणाच्या मुळावर येते, हे या मालावरून स्वच्छ दिसते, म्हणून सुचले. शिवाय या मालाचे एक मूळ आपल्या जालन्याच्या जिनिंगच्या अंगणात आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे चार भाग असतात. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की दारू जळते, टोपी वाया जाते, गोळी निघून जाते. पण पितळेची नळी शिल्लक उरते. ती पुष्कळदा पुन्हा वापरता येते. अमेरिकेत लाखो माणसे ती उचलून घरी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरतात. तिकडे कायद्याने त्याला मोकळीक आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवण्याला परवाना लागतो, तेव्हा हा घरगुती उद्योग आपला नव्हे. परंतु त्या माणसांवर जे गुदरले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ती बहुतेक आपल्यासारखीच बेताच्या मिळकतीची, काटकसर म्हणून हे करणारी आहेत.

२०२० साली महामारी आली. लोक घाबरले, लाखोंनी नव्या बंदुका घेतल्या, आणि दुकानांतील टोप्या दिसेनाशा झाल्या. हजार टोप्यांची पेटी पूर्वी सुमारे ३० डॉलरला मिळे. ती हातोहात विक्रीत १०० डॉलरच्या वर गेली. तिकडे टोप्या करणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यांपैकी एका जुन्या कंपनीने, रेमिंग्टनने, त्याच वर्षी दिवाळे जाहीर केले. माल कमी होताच. पण भीतीने तो आणखी कमी केला. ज्याच्याजवळ दहा वर्षांचा साठा, तोही रांगेत उभा राहिला. उद्या मिळणार नाही म्हणून आज सारे घेऊन ठेवायचे, आणि सारे घेऊन ठेवल्यामुळेच उद्या मिळायचे नाही! हे चक्र आपल्याला नवे नाही. २०१३ च्या दुष्काळात टँकर आला की ज्याच्या दारात मोठी टाकी, त्याचे पाणी वाढे; आणि ज्याच्या हातात एकच घागर, तो टँकर गेल्यावर ओल्या मातीकडे पाहत राही. टंचाई सर्वांना सारखी नसते, बंधूंनो. तिचे माप साठवणुकीच्या भांड्याने ठरते.

आता दारूकडे वळू. आजच्या काडतुसातील दारू म्हणजे जुनी सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू नव्हे. १८४६ साली शोनबाइन या शास्त्रज्ञाने कापसावर तेजाबाची क्रिया करून स्फोटक कापूस सिद्ध केला, आणि १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएय याने त्यापासून धूर न करणारी दारू बनवली. जगातील बंदुका आणि तोफा आजही मुख्यतः याच घराण्याच्या दारूवर चालतात. आणि तिचा उत्तम कच्चा माल कोणता? सरकीवरची लव!

जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकी अगदी उघडी होत नाही. तिच्या अंगावर आखूड पांढरी लव राहते. व्यापारात तिला लिंटर म्हणतात. आपले शहर बियाण्याचे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको येथेच स्थापली. पेरणीची सरकी तेजाबाने धुऊन तिची लव घालवतात, हे येथील अनेक कामगारांच्या परिचयाचे आहे. तीच ही लव. आपल्या देशातील बहुतेक सरकी ती न काढताच तेलाच्या घाणीत जाते, आणि लव पेंडीबरोबर जनावराच्या पोटात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटनने कापूसच युद्धसाहित्य म्हणून शत्रूकडे जाऊ द्यायचा नाही असे ठरवले, कारण हेच. आणि २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा दारूचे भाव चढले. युरोपातील कारखान्यांची लव बहुतांश चीनहून येते, ही अडचण तेथील अधिकारी आणि उद्योजक २०२४ मध्ये उघड बोलू लागले. त्याच वर्षी चीनने अँटिमनी या धातूच्या निर्यातीवर निर्बंध घातले. टोपीच्या मसाल्यात आणि शिशाला कठीणपणा आणण्यात त्याचा उपयोग होतो.

आता खरा प्रश्न. जगात कापसाच्या लवेसाठी एवढी ओढ, तर आपल्या कापूसवाल्याच्या पदरात काय पडले? २०२२ च्या आरंभी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. आणि जेव्हा दारूची ओरड शिगेला पोहोचली, त्या २०२३-२४ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७०२० रुपये होता आणि बाजार पुष्कळदा त्याच्याही खाली घुटमळत होता. जिनिंगमध्ये चार-सहा महिने राबणाऱ्या, कापसाची धूळ छातीत साठवणाऱ्या आमच्या बायाबापड्यांची मजुरी तोफेच्या दारूबरोबर वाढल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. टंचाईचा भाव वरच्या वर चढतो. तो झिरपत खाली येईल म्हणून वाट पाहणाऱ्याचे आयुष्य वाट पाहण्यातच सरते.

आणि धोका मात्र खालीच राहतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान ८ कामगार दगावले. मागणी वाढली की 'लवकर करा' हा हुकूम वरून सुटतो, आणि दारूच्या कामात घाईइतका वाईट मुकादम नाही. ज्या देशात लोक घरी काडतुसे भरतात, तेथेही जाणती माणसे सांगतात की, हवी ती दारू मिळाली नाही तर दुसरी अंदाजाने घालू नका. त्या दिवशी बार न काढलेला बरा. हा नियम कारखान्यालाही लागू आहे. माल कमी पडला तर पडो, माणूस कमी पडता कामा नये.

आपल्याकडेही या महागाईची झळ लागणारे लोक आहेत. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्यात सांगितला आहे. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला दारू आणि टोप्या परवानाधारक दुकानातूनच आणाव्या लागतात. नेमबाजीच्या पोरांचेही तसेच. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले. त्या रायफलीच्या काडतुसाची टोपी वेगळी नसतेच, ठिणगीचा मसाला नळीच्या काठात असतो. म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. दर गोळीला नवा पैसा मोजावा लागतो. गरिबाच्या पोराने नेम साधायचा की गोळ्या मोजायच्या?

मग उपाय काय? अमेरिकेतल्या त्या साध्या माणसांनी जे केले, त्यातले काही आपल्या उपयोगाचे आहे. काही दुकानदारांनी एका गिऱ्हाइकाला एकच पेटी असा नेम घातला. काही मंडळांनी वर्गणी काढून एकत्र माल मागवला आणि सारखा वाटून घेतला. काहींनी बार कमी करून रिकाम्या बंदुकीवर नेमाचा सराव चालू ठेवला. शहाणी माणसे घबराटीच्या बाजारात उतरलीच नाहीत. यात नवे काय आहे? जगण्यासाठी एकत्र आलेल्या माणसांची ही जुनीच रीत. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तो याच विचाराने. एकेकट्या हमालाने मुकादमापुढे हात पसरण्याऐवजी टोळीची नोंद व्हावी, मजुरी मंडळात जमा व्हावी आणि हिशेब उघडा राहावा.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. सरकीची लव काढण्याचा धंदा जालन्यात वाढायचा असेल, तर त्याच्या भावाचा वाटा कापूसवाल्याला आणि जिनिंगच्या कामगाराला लेखी मिळावा. दारूच्या कोणत्याही कारखान्यात, तो सरकारी असो की खासगी, 'हे काम आज धोक्याचे आहे' असे म्हणण्याचा कामगाराचा हक्क मानला जावा. आणि जो माल तुटतो, त्याचा साठा किती आणि भाव काय हे दुकानाच्या फळ्यावर लिहिलेले असावे. मग तो बंदुकीची टोपी असो वा रॉकेलचा डबा.

बंदूक चांगली की वाईट, हा वाद आम्ही येथे मांडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जगाच्या दुसऱ्या टोकाला गोळी महाग होते तेव्हा तिचा एक धागा आपल्या शेतातल्या बोंडापर्यंत येऊन पोहोचलेला असतो. तो धागा आपल्या हातात आहे. तो फुकटच सुटू द्यायचा की सर्वांनी मिळून धरायचा, हे या सभेतून उठताना प्रत्येकाने मनाशी ठरवावे.