गंगासागरचा अल्बर्ट एक्का

(3 डिसेंबरच्या मेळाव्यातलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर रात्री जमाल तेव्हा कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा.)

भावांनो, बायांनो, आज 3 डिसेंबर. या तारखेला 1971 साली आपल्यासारख्याच एका जंगलातल्या गावचा गडी लढाईत मेला. त्याचं नाव अल्बर्ट एक्का. तो उरांव आदिवासी. गाव जारी, जिल्हा गुमला, तेव्हाच्या बिहारचा छोटानागपूर मुलूख. उरांवांची बोली कुडुख. ती हिंदीची बहीण नाही, तिकडं दक्षिणेतल्या तमिळ-कानडीच्या घराण्यातली आहे. आपल्या पोरांना शाळेत बोलीवरून हसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अल्बर्टचा जन्म 27 डिसेंबर 1942 चा. बाप शेतकरी. तिकडं पोरांना हॉकीचं वेड, हाही चांगला खेळायचा. वीस वर्षांचा झाला तेव्हा, म्हंजे 1962 ला, बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाला. पुढं 1968 ला गार्ड्सची 14 वी पलटण नवी उभी राहिली, तिच्यात गेला. हुद्दा लान्स नायक. म्हंजे साहेब नाही, शिपायाच्या एकच पायरी वर.

आता ती रात्र. पाकिस्ताननं त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि लढाई जाहीर झाली. त्रिपुरात आगरतळा आहे, तिथून सरहद्दीपलीकडं आखाउडा, आणि जवळच रेल्वेवरचं गंगासागर. तिथं शत्रूनं पक्के बंकर बांधून ठेवले होते. 14 गार्ड्सला ते घ्यायचं होतं. अल्बर्टची कंपनी डाव्या बाजूनं पुढं. वरून तोफगोळे, समोरून गोळ्या. भिडले ते अगदी हातघाईवर.

एका बंकरमधून हलकी मशीनगन चालू होती आणि त्याचे सोबती पडत होते. अल्बर्ट सरळ त्या बंकरवर धावला. दोघांना संगिनीनं मारलं, गन बंद केली. त्यात तो स्वतः बेजार जखमी झाला. मागं जाता आलं असतं, कोणी नावं ठेवली नसती. तो गेला नाही. साधारण मैलभर खोल मोर्चा होता, एकेक बंकर साफ करत सोबत्यांबरोबर पुढं गेला. उत्तरेच्या टोकाला एक पक्की इमारत, तिच्या वरच्या मजल्यावरून मोठी मशीनगन सुरू झाली. हा सरपटत इमारतीपाशी गेला आणि हातगोळा टाकला. आत एक मेला, एक जखमी, पण गन थांबेना. मग हा बाजूच्या भिंतीवर चढला, आत शिरला आणि चालवणाऱ्याला संगीन घातली. गन थांबली. मागची पोरं वाचली. अल्बर्ट जखमांनी गेला. एकोणतीस पूर्ण व्हायला चोवीस दिवस राहिले होते.

मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या लढाईत चौघांना मिळालं, त्यातला पूर्वेच्या आघाडीवरचा हा एकटाच. शव जारीला आलं नाही, तिकडं त्रिपुरातच पुरलं.

मला मारामारीचं कौतुक नाही. त्या बंकरमधले शिपाईही कोणाची तरी पोरं होती. पण मागच्या सोबत्यांसाठी भिंत चढणारा माणूस कसा असतो, ते आपल्या पोरांना ठाऊक असावं.

मेळाव्यात एका आजीनं विचारलं, तो मेला तो कोणाच्या जमिनीसाठी? प्रश्न नेमका आहे. त्या साली पूर्व बंगालातून जीव घेऊन पळालेली माणसं त्रिपुरात आली होती. त्रिपुराची स्वतःची वस्ती पंधरा लाख, आणि आलेले जवळजवळ तितकेच. त्यांना परत घरी, आपल्या शेतावर जाता आलं, ते या लढाईनंतर. (त्रिपुराच्या आदिवासींचं पुढं काय झालं, तो वेगळा विषय आहे, कधीतरी बोलू.)

आणि त्याच्या स्वतःच्या मुलखातली जमीन? गुमल्याच्याच जतरा उरांवनं 1914 ला टाना भगतांची चळवळ सुरू केली. त्यांनी इंग्रजाला सारा द्यायचं नाकारलं, तर जमिनी लिलावात गेल्या. त्या परत द्यायला स्वातंत्र्यानंतर 1948 ला कायदा झाला, तरी पुष्कळांना मिळाल्या नाहीत.

दुसरं त्याहून जवळचं. नेतरहाटच्या पठारावर 1964 पासून फौजेच्या तोफांचा सराव चालायचा. सराव असला की गावांनी घरं सोडून, ढोरं घेऊन बाहेर जायचं. म्हंजे अल्बर्ट वर्दीत होता तेव्हा त्याच्याच मुलखातली माणसं तोफेपुढून पळत होती. पुढं तिथं कायमची जागा करायची ठरली, दोनशेहून जास्त गावं जाणार होती. मार्च 1994 मध्ये लोक टुटुवापानीला रस्त्यावर बसले. बायामाणसं पुढं. फौजेच्या गाड्या माघारी गेल्या. या लोकांना देशद्रोही कोण म्हणेल? परमवीराच्या मुलखातले ते लोक.

आपल्याकडं भरतीला जाणारी पोरं आहेत. जा, जरूर जा. पण घरचा प्लॉट कोणाच्या नावावर आहे, ते आधी बापाला विचारा. रांचीच्या चौकाला अल्बर्टचं नाव आहे, ते चांगलंच झालं. आपल्याला चौक नको, सातबारा पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक घरानं दंडाच्या जुन्या पावत्या आणायच्या, विशेष करून 1978 च्या आधीच्या. फाटक्या असल्या तरी आणा. पावती नसेल त्यांनी शेजारचा म्हातारा साक्षीदार आणावा. पावत्यांवरची नावं वहीत उतरवून घेऊ. मूळ पावती कोणाच्याही हातात द्यायची नाही, संघटनेच्या माणसाच्याही नाही.