मळीतलं ॲसिड आणि उसाचा भाव



२०२१ साली कोरोनाच्या लाटेत आपल्याच जिल्ह्यात चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने इथेनॉलच्या यंत्रसामग्रीत फेरफार करून ऑक्सिजन काढला. कारखाना म्हणजे नुसती साखरेची पोती नव्हेत, हे तेव्हा साऱ्यांना दिसलं. आज बोलायचं ते आंबट मालाविषयी.

मळी आंबवली की दारू होते, एवढं आम्हाला माहीत. आंबवणारा जीव बदलला की तिच्यातूनच लॅक्टिक ॲसिड होतं. दही आंबट होतं ते यानेच. खाण्याच्या पदार्थांना, औषधांना आणि अलीकडे कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या प्लॅस्टिकला ते लागतं.

अडचण आंबवण्यात नाही, वेगळं काढण्यात आहे. अल्कोहोल उकळलं की वर निघून येतं. हे ॲसिड खाली पाण्यातच बसून राहतं. जुनी रीत अशी : आंबटपणा वाढला की जिवाणू थांबतात, म्हणून चुना घालत राहायचं आणि शेवटी गंधकाम्ल टाकून ॲसिड सोडवायचं. यात टनभर ॲसिडमागे जवळजवळ टनभर जिप्सम पडतं. भुईमुगाला जिप्सम चांगलं, पण कारखान्याच्या दारातल्या ढिगाला गिऱ्हाईक कोण?

दुसरी रीत द्रावकाची. फोडणीत हिंगाचा वास तेलात उतरतो, तसंच हे. पाण्यात न मिसळणारा अमाईनचा द्रव त्यात घुसळायचा. तो ॲसिड धरून वर तरंगतो. थर काढून घ्यायचा, ॲसिड सोडवायचं, द्रव पुन्हा वापरायचा. सायट्रिक ॲसिड अमेरिकेत असं काढलं गेलंय. तिथे सोडवायला गरम पाणी पुरतं. पण गोम आहे. हा द्रव मोकळं ॲसिडच धरतो, चुन्याने बांधलेलं नाही. जिवाणूला चुना हवा, द्रावकाला नको! शिवाय द्रावकाचा अंश मागे राहिला तर जिवाणूच मरतात.

आता मुद्द्याचं. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवलेलं ७० टक्क्यांचं सूत्र महाराष्ट्राने २०१३ च्या ऊसदर कायद्यात घेतलं. त्यात साखरेबरोबर मळी, बगॅस, प्रेसमड मोजतात. मळीचं पुढे काय केलं, ते मोजत नाहीत. उद्या ॲसिड निघालं तरी आमच्या खात्यावर मळीचाच भाव पडेल. गुंतवणूक कारखान्याची, जोखीमही त्याची, हे आम्हाला कळतं. फुकटचा वाटा मागत नाही. पण कारखान्याने आपल्याच दुसऱ्या खात्याला मळी कोणत्या भावाने दिली? मळीवरचं नियंत्रण केंद्राने १९९३ साली उठवलं, म्हणजे भाव बाजाराचा लागायला हवा. सहकारी कारखाना असेल तर वार्षिक सभेत उभं राहून विचारा, खाजगी असेल तर साखर आयुक्तांना लिहा, आणि तो आकडा पुढच्या बैठकीला घेऊन या.