आफ्रिकेचा इतिहास आणि आपली मुले

(सांताक्रूझ येथे कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश.)



इतिहासाचे विकृतीकरण हा आपल्या बैठकांतील नित्याचा विषय. त्यावर बोलताना आपला स्वर चढतो, आणि तसा तो चढावा अशी कारणेही आहेत. पण घरातली मुलगी ‘मला इतिहासात एम.ए. करायचे आहे’ म्हणाली की तोच स्वर खाली येतो. ‘अगं, पण पुढे काय?’ त्यातून तिने आफ्रिकेचे नाव घेतले तर विचारूच नका! तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. कारण इथून जवळच, कालिन्याच्या विद्यानगरीत, मुंबई विद्यापीठाचे आफ्रिका अध्ययन केंद्र १९७१ मध्ये स्थापन झाले आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नाही.

आफ्रिकेशी आपला संबंध काय? ‘हबशी’ हा शब्दच मुळी इथिओपियाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. तिथून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच पक्षाकडून लढले. जंजिऱ्याचा सिद्दी शिवछत्रपतींना आणि शंभूराजांनाही हटला नाही. हे सारे आपल्याला मुखोद्गत आहे. मात्र ही माणसे ज्या भूमीतून आली, तेथील राज्ये, तेथील गुलामांचा व्यापार यांविषयी मराठीत मूळ साधनांवरून लिहिणारे किती निघतील?

आणि साधने तर आपल्या दारात आहेत. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या अधीन होता. साहजिकच त्या किनाऱ्याचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात आले. त्याच दप्तरखान्यात बसून पांडुरंग पिसुर्लेंकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. झांजिबारच्या ब्रिटिश प्रतिनिधीचा मुंबई सरकारशी झालेला पत्रव्यवहार मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात आहे. तो वाचायला परदेशी अभ्यासक विमानाने येतात; सांताक्रूझच्या विद्यार्थ्याला लोकलचा पास पुरतो.

अलीकडच्या काळाचेही तसेच. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेण्यात आले. त्यांतले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. केनियात संघकार्य १९४७ मध्ये सुरू झाले, हे येथील ज्येष्ठांना ठाऊकच आहे. पुढच्याच वर्षी औंधचे अप्पासाहेब पंत भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आफ्रिकी स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांनी जोडलेला स्नेह इंग्रजांना खुपला आणि इंग्रजांच्या दडपणापुढे त्यांना परत बोलवावे लागले. सूर्यनमस्काराच्या प्रसारामुळे औंधच्या राजांचे नाव घरोघरी गेले. त्यांच्या या चिरंजीवांची कामगिरी मात्र विस्मृतीत गेली.

या अभ्यासात आपल्याला रुचणार नाहीत असेही कागद हाती येतील. झांजिबारची जकात कच्छी सावकार जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होती आणि गुलामांच्या व्यापारात हिंदी सावकारांचा पैसा फिरत होता. १९७२ मध्ये इदी अमीनने आपल्या लोकांना युगांडातून हाकलले. तो अन्यायच होता. पण हिंदी दुकानदाराविषयी आफ्रिकी माणसाच्या मनात साचलेला सल कुठून आला, हेही तपासावे लागेल. सोयीचे तेवढे वेचायचे असेल तर डाव्या इतिहासकारांवर आपण घेत आलेला आक्षेप उद्या आपल्यावरच उलटेल.

मार्ग सोपा नाही. स्वाहिली, पोर्तुगीज, अरबी यांपैकी एक भाषा तरी मन लावून शिकावी लागते. स्वाहिलीत वाहनाला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बीमा’ म्हणतात, तेव्हा सुरुवात तरी घरगुती वाटेल! नेट परीक्षेतून संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर खर्चाचा भार हलका होतो. प्राध्यापकी लगेच मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे बुद्धिमान तरुण आपण पाहतो. म्हणूनच हा भार एकट्या विद्यार्थ्यावर किंवा त्याच्या आईवडिलांवर टाकता येणार नाही.

तेव्हा एक मागणे आहे. येथे जमलेल्या घरांपैकी एखाद्या घरात इतिहास घेतलेली मुलगी वा मुलगा असेल, तर इतर चार घरांनी मिळून त्याच्या पोर्तुगीजच्या शिकवणीचे शुल्क भरावे आणि निदान दोन वर्षे त्याला ‘नोकरीचे काय?’ असे विचारू नये.