खेळातले विमान आणि त्यातले उतारू

डेन्मार्कमधील लेगो या खेळण्यांच्या कंपनीने २०२३ साली थोड्या महिन्यांच्या अंतराने दोन विमाने बाजारात आणली. दोन्ही उतारूंची विमाने, दोन्ही प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची, आणि दोन्ही विकत घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने जुळवावयाची. एक सात वर्षांच्या व त्याहून मोठ्या मुलांसाठी; त्यात ९१३ तुकडे. दुसरे, पेटीवरील खुणेप्रमाणे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. त्यात २,०८३ तुकडे. पहिल्याला स्वतःचे असे नाव नाही. ते नुसतेच ‘उतारूंचे विमान’. दुसरे मात्र जगप्रसिद्ध ‘कॉन्कॉर्ड’. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पहिल्याची किंमत शंभर डॉलर आणि दुसऱ्याची दोनशे डॉलर होती. अशा दोन पेट्या शेजारी शेजारी मांडलेल्या पाहिल्या, की ग्राहक मनाशी म्हणतो, लहान ते पोरांचे, मोठे ते जाणत्यांचे. यात तुलना कसली? परंतु तुलना करण्याजोगे पुष्कळ आहे. आणि ती करू गेल्यास अखेरीस प्रश्न खेळण्यापुरता न राहता खऱ्या विमानापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम ठोकळ्याविषयी. बिलुंड या डॅनिश खेड्यात ओले कर्क ख्रिस्तियान्सेन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या दिवसांत, १९३२ साली, त्याने लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. ‘नीट खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याने आपल्या कारखान्याचे नाव ठेवले ‘लेगो’. वर वाटोळे उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेला आजचा ठोकळा त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत, १९५८ च्या जानेवारीत, एकस्व घेण्यासाठी नोंदविला गेला. त्याची सारी करामत पकडीत आहे. दोन ठोकळे एकमेकांत बसले म्हणजे आपोआप सुटत नाहीत. पण मुलाच्या बोटांनी ओढले की सुटतात. सुटता येणे हा या जोडणीचा मोठा गुण होय. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे घेतले, तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जुळविता येतात, असे गणितज्ञांनी मोजून दाखविले आहे. विमानाशी या गावाचा संबंधही जुनाच. कंपनीने स्वतःच्या कामासाठी तेथे धावपट्टी बांधली आणि तिच्यातूनच १९६४ साली बिलुंडचा सार्वजनिक विमानतळ उभा राहिला.

आता मोठा संच. जुळवून झाल्यावर त्याची लांबी मीटरभराहून किंचित अधिक भरते आणि पंखांची रुंदी ४३ सेंटिमीटर. खरे कॉन्कॉर्ड सुमारे ६२ मीटर लांब होते. म्हणजे हे खेळणे त्याच्या साठाव्या हिश्शाचे झाले. पंख एकसारखे असल्याने एका बाजूला जे केले तेच दुसऱ्या बाजूला पुन्हा करावे लागते, आणि पांढऱ्यावर पांढरा तुकडा बसविताना डोळे शिणतात. मूळ पंखांच्या कडेला जी लवलवती वळणे होती, ती चौकोनी ठोकळ्यांना पुरती साधत नाहीत. हातभर अंतरावरून रेघ सुरेख दिसते, जवळून पाहिल्यास पायऱ्या दिसतात. हे दोष क्षम्य आहेत. कारण या संचाचे खरे मोल तो काय दाखवितो यापेक्षा काय समजावून देतो यात आहे.

कॉन्कॉर्डचे चित्र पाहणाऱ्याला त्याची वाकणारी चोच आणि उंच पाय हे निव्वळ डौल वाटतात. हाताने जुळविणाऱ्याला त्यामागचे कारण उमगू लागते. शेपटीला आडवे पंख नसलेले, त्रिकोणी पंखांचे ते विमान मोठ्या वेगासाठी घडविलेले होते. वेग मंदावला, की हवेचा आधार मिळविण्यासाठी त्याला नाक पुष्कळ वर उचलावे लागे. नाक वर उचलले, की लांब चोचीआड समोरची धावपट्टीच वैमानिकाला दिसेनाशी होई. म्हणून उतरताना चोच साडेबारा अंशांनी खाली वाकविण्याची सोय केलेली होती. नाक वर आणि शेपूट खाली अशा स्थितीत शेपूट जमिनीला घासू नये म्हणून पाय उंच, आणि तरीही धोका नको म्हणून शेपटीखाली आणखी एक लहानसे चाक. एका अडचणीतून एक उपाय आणि त्या उपायातून दुसरी अडचण, अशी ही साखळी आहे. खेळण्यातही चोच वाकते. आणि शेपटीचे टोक फिरविले, की पोटातून गेलेल्या दांड्याच्या योगे पुढची व मागची चाके एकदम खाली येतात. पांढऱ्या रंगालाही कारण होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना विमानाचे नाक पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक तापे, आणि त्या उष्णतेने सबंध विमान जवळजवळ वीतभर लांब होई. ही उष्णता बाहेर टाकण्यास पांढरा रंग साहाय्यभूत होत असे.

इतके सारे जुळवून झाल्यावर हे विमान एखाद्या लहान मुलाच्या हाती दिले, तर ते कोणता प्रश्न विचारील? चोचीविषयी बहुधा नाही. ते विचारील, ‘यात माणसे कोठे आहेत?’

माणसे नाहीत. असणे शक्यही नाही. साठास एक या प्रमाणात प्रौढ मनुष्याची उंची तीन सेंटिमीटरही भरत नाही, आणि या कंपनीची ठरलेली बाहुली चार सेंटिमीटरची. आकार खरा ठेवावयाचा तर बाहुली आत मावत नाही. बाहुली बसवावयाची तर आकार बिघडतो. कॉन्कॉर्डच्या संचाने आकार राखला आणि उतारू वगळले.

लहान संचाने नेमके उलट केले आहे. त्याचे विमान आखूड, जाडजूड आणि फुगीर आहे. विमानविद्या जाणणाऱ्याला ते पाहून हसू येईल. खऱ्या विमानात शंभर-दीडशे आसने असतात, येथे ती बोटांवर मोजण्याइतकीच. पण छप्पर उचलले, की आत वैमानिकाची खोली आहे, बसण्याची जागा आहे, आणि जेवण तयार ठेवण्याचा कोपरा आहे. पेटीत नऊ माणसे आहेत. विमानतळावर उतारूंची ने-आण करणारी बस आहे, विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर आहे, खाद्यपदार्थ विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणारी गाडी आहे, आणि सामानाची गाडी आहे. याचा अर्थ असा, की या संचाच्या कर्त्यांनी विमानाकडे पाहताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहिले. एक विमान आकाशात जावे म्हणून जमिनीवर किती हात राबतात, याची जाणीव सात वर्षांच्या मुलाला यातून सहज होते. कोणाला कोठे बसवावे, सामान आधी चढवावे की जेवण आधी, उशिरा आलेल्या उतारूचे काय करावे, असे निर्णय त्याला खेळता खेळता घ्यावे लागतात. कॉन्कॉर्ड जुळवून झाले, की सुबक बैठकीवर बसवून कपाटावर ठेवावयाचे. लहान विमान जुळवून झाले, की खेळाला तेथून आरंभ होतो.

आकार की उतारू, हा प्रश्न या दोन पेट्यांच्या आधी अर्धशतकभर खऱ्या विमानांपुढेही येऊन गेलेला आहे. बोइंग ७४७ हे प्रचंड विमान ९ फेब्रुवारी १९६९ रोजी प्रथम उडाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २ मार्च १९६९ रोजी, फ्रान्समधील तुलूझ येथे कॉन्कॉर्डने पहिले उड्डाण केले. एक साडेतीनशेहून अधिक माणसे नेणारे, ध्वनीपेक्षा कमी वेगाचे, पुढच्या बाजूला कुबड आल्यासारखे दिसणारे. दुसरे बाणासारखे देखणे, पण शंभरच माणसांचे. कॉन्कॉर्डसाठी ब्रिटन व फ्रान्स यांनी १९६२ च्या नोव्हेंबरात करार केला होता. खर्च वाढू लागला तेव्हा, १९६४ साली, ब्रिटनमधील नव्या सरकारला त्यातून अंग काढून घ्यावेसे वाटले. परंतु एका पक्षाने बाहेर कसे पडावे याचे कलमच करारात नव्हते. लेगोच्या ठोकळ्याला जे साधले, ते त्या कराराला साधले नाही. जोडणी पक्की होती, सुटण्याची सोय तेवढी राहून गेली होती.

एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी आपला हक्क राखून ठेवला होता. पुढे तो सोडून देण्यात आला. १९७१ च्या एप्रिलमध्ये मुंबईला उतरले ते ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७. परदेशी शिकावयास अथवा नोकरीस निघालेल्या कितीएक भारतीयांनी त्या जातीच्या विमानांतून पहिला समुद्र ओलांडला. कॉन्कॉर्डची उतारू-वाहतूक २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली. प्राथमिक नमुने धरून एकंदर वीसच विमाने बांधली गेली, आणि त्यांतील चौदा नियमित सेवेत आली. त्याच्या कानठळ्या बसविणाऱ्या आवाजामुळे अनेक देशांनी आपल्या भूमीवरून त्या वेगाने उडण्यास मनाई केली. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ झालेल्या अपघातात ११३ माणसे प्राणास मुकली. आणि २४ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटच्या उतारूंना घेऊन ते उतरले. ७४७ मात्र १,५७४ बांधली गेली. त्यांतील अखेरचे विमान ग्राहकाच्या स्वाधीन झाले ते २०२३ च्या जानेवारीत. म्हणजे ज्या वर्षी खेळण्यातले कॉन्कॉर्ड दुकानात आले, त्याच वर्षी.

एवढ्यावरून कॉन्कॉर्डला कमी लेखणे अन्यायाचे होईल. साडेतीन तासांत अटलांटिक ओलांडून देणारी सेवा त्याच्यानंतर आजतागायत पुन्हा सुरू झालेली नाही, आणि ज्या काळात ते घडले त्या काळच्या अभियंत्यांची बुद्धी पाहून मन थक्क होते. त्यांचा मान म्हणून मोठा संच अवश्य जुळवावा. यंत्रांची आवड असलेल्या मनुष्याला दोन-तीन सुट्ट्यांचा त्याहून चांगला उपयोग सहसा सापडणार नाही. त्याने घरातील मुलाला शेजारी बसवून चोच का वाकते ते समजावून सांगितले, तर पैसे वसूल झाले असे समजावे. तथापि ज्या आईबापांना एकच पेटी परवडते, त्यांनी लहान, कुरूप, पण माणसांनी भरलेले विमान घ्यावे. विमान उतारूंसाठी असते, ही गोष्ट पहिल्याच खेळात मुलाला कळली तर बरे. मोठेपणी ती शिकावयास दोन सरकारांना फार खर्च आला.

आणि ज्यांच्या घरी दोन्ही पेट्या आल्या असतील, त्यांनी वर्षभराने एक धाडस करावे. कॉन्कॉर्ड कपाटावरून खाली उतरवावे, सुटे करावे, आणि दोन्हींचे तुकडे एका परातीत मिसळून मुलांपुढे ठेवावे. सारे ठोकळे एकमेकांना बसतात. त्यातून एखादे तिसरे विमान खचित निघेल. ते कसे दिसेल ते सांगता येत नाही. मात्र मूल आरंभी आसनेच मोजील, एवढे खात्रीने सांगता येते.